मुरमावर फुलणारी बाग

घराच्या पायासाठी जी जमीन उत्तम, तीच बागेसाठी अवघड ठरते. नांदेड आणि लातूरच्या माळरानावर वसलेल्या नव्या वसाहतींमध्ये फुलबागेची हौस असणाऱ्यांचा हा नेहमीचा अनुभव. मात्र खडकाचा स्वभाव ओळखून आणि पाण्याचा हिशोब आधी मांडून काम केले, तर मुरमाड अंगणातही बाराही महिने फुले दिसू शकतात.

पायाच्या खोदकामात दीड-दोन फुटांवर घट्ट मुरूम लागला, की घर बांधणारा समाधानाचा सुस्कारा सोडतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावर उभ्या असलेल्या भिंतींना तडे देते. मुरूम मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे शहराची वाढ होताना कडेच्या माळावरील भूखंडांना मागणी येते. वास्तुशांत होते, अंगणात पहिले गुलाबाचे रोप लावण्याची वेळ येते आणि तोच मुरूम वैरी वाटू लागतो. टिकावाच्या दोन घावांत ठिणग्या उडतात, हात झिणझिणतात आणि वीतभर खड्डाही होत नाही.

यावर बहुतेक जण एकच उपाय करतात. शेतातली काळी माती ट्रॅक्टरने आणायची, अंगणभर फूटभर पसरायची आणि रोपवाटिकेतून मिळतील ती रोपे लावायची. पहिल्या वर्षी बाग बहरते. दुसऱ्या पावसाळ्यात काही रोपे मुळाशी कुजतात आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात उरलेली वाळतात. पैसा, पाणी आणि उत्साह तिन्ही वाया जातात आणि ‘इथे काही येत नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात दोष खडकाचा नसतो. त्यावर अंथरलेल्या मातीचा आणि तुंबलेल्या पाण्याचा असतो.

पायाखाली आहे तरी काय?

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हे पठार तयार झाले. या पाषाणाची ऊन, पाऊस आणि काळ यांनी झीज होऊन प्रथम मुरूम आणि मग माती बनली. उताराच्या व उंचवट्याच्या जागी माती वाहून जाते, म्हणून माळावर तिचा थर वीतभरही नसतो. वाहून गेलेली माती नदी-नाल्यांकाठी साठते आणि तेथे कसदार काळी रानें तयार होतात. माळावरचा मुरूम आणि खालच्या रानातली काळी माती ही अशी एकाच खडकाची दोन रूपे आहेत.

या दोन्ही जिल्ह्यांत सगळीकडे मात्र एकच खडक नाही. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर, बिलोली या आग्नेय भागात दख्खनच्या पाषाणाहून कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. त्याची माती रेताड असते आणि पाणी चटकन सोडते. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातील खरोसा येथील प्राचीन लेणी जांभ्यात कोरलेली आहेत. जांभ्याची लालसर, लोहयुक्त माती आणि मुरमाची चुनखडीयुक्त माती यांचे स्वभाव वेगळे. शेजारच्या गावातल्या नातेवाइकाकडे जोमाने वाढलेले झाड आपल्या अंगणात रुसते, त्याचे कारण पुष्कळदा जमिनीतच सापडते.

म्हणून खर्चाआधी तीन साध्या चाचण्या कराव्यात. पहिली पहारेची. अंगणात आठ-दहा ठिकाणी पहार मारून पाहावी. जेथे ती वीतभर आत शिरते तेथे मुरूम आहे, जेथे खणकन आवाज करून परत फिरते तेथे पाषाण आहे. दुसरी निचऱ्याची. फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खड्डा पाण्याने काठोकाठ भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळी भरलेले पाणी २४ तासांत ओसरले तर ती जागा खड्ड्यात लावण्यास योग्य. पाणी तसेच उभे राहिले तर तेथे खड्डा न घेता उंच वाफा करावा. तिसरी चुनखडीची. कोरड्या मातीच्या चिमटीवर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर ती फसफसली, तर चुन्याचे प्रमाण जास्त आहे असे समजावे. अधिक नेमके निदान हवे असेल तर माती परीक्षणाचा मार्ग आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे लातूर येथे कृषी महाविद्यालय आहे, तर नांदेड जिल्ह्यात सगरोळी व पोखर्णी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तेथे सल्ला घेता येतो.

काळ्या मातीचा मोह

काळी माती कसदार असते यात शंका नाही, पण ती खोल असेल तरच. घट्ट मुरमावर फूटभर जाडीने अंथरलेली काळी माती पावसात फुगते आणि तिच्यातली छिद्रे मिटतात. पाणी खालच्या कठीण थरावर येऊन थांबते. मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. एप्रिल-मेमध्ये तीच माती भेगाळते आणि भेगांबरोबर कोवळी मुळे तुटतात. धरणातून वा तलावातून काढलेला गाळही असाच चिकण असतो. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राबवली गेल्याने गाळ शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला. शेतात तो मूळच्या हलक्या मातीत मिसळला जातो, म्हणून उपयोगी पडतो. अंगणातही तो मिसळूनच वापरावा.

खर्चाचा हिशोबही डोळे उघडणारा आहे. १,००० चौरस फूट अंगणावर फूटभर माती पसरायची तर १,००० घनफूट, म्हणजे १० ब्रास माती लागते. त्याच अंगणात २ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट खोल असे १० खड्डे घेतले, तर त्यांचा एकूण आकार ८० घनफूट, म्हणजे एक ब्रासही भरत नाही. त्यातही निघालेला बारीक मुरूम पुन्हा वापरायचा असल्याने विकतची माती आणखी कमी लागते. फुलबागेसाठी सगळे अंगण मातीने झाकण्याची गरज नाही. झाडाची मुळे जेथे असतील तेवढीच जागा तयार करणे पुरेसे आहे.

खड्डा कसा घ्यावा?

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्यावेत. उन्हाने खड्डा तापतो आणि कीड कमी होते. मुरूम फारच घट्ट असेल तर आधी पहारेने लहान भोक पाडून त्यात रात्रभर पाणी भरून ठेवावे. ओला झालेला मुरूम सकाळी तुलनेने सहज सुटतो. मोठ्या कामासाठी ब्रेकर लावता येतो, मात्र आधी पाण्याचे व सांडपाण्याचे नळ आणि विजेच्या तारा कोठून गेल्या आहेत हे पाहावे. घराच्या भिंतीपासून झुडपांचे खड्डे किमान ४ ते ५ फूट आणि झाडांचे १० ते १५ फूट दूर असावेत. वस्तीत सुरुंगाचा विचारही करू नये.

खड्ड्याच्या बाजू गुळगुळीत ठेवू नयेत. पहारेने त्या खरडाव्यात, तळाला चार-सहा ठिकाणी खोल भोके पाडावीत म्हणजे मुळांना भेगांत शिरता येते. तळाशी खडीचा थर दिला की निचरा होतो, ही समजूत फसवी आहे. खडीखालून पाण्याला बाहेर जाण्याची वाट नसेल, तर ते खड्ड्यातच साठते. खड्डा म्हणजे दगडी वाडगा होऊ नये, एवढे लक्षात ठेवावे. जमिनीला उतार असल्यास खालच्या बाजूने वीतभर रुंद चर काढून जादा पाण्याला वाट द्यावी.

भरण्यासाठी दोन भाग हलकी पोयट्याची माती, एक भाग चाळलेला बारीक मुरूम आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण घ्यावे. प्रत्येक खड्ड्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळल्यास उधईचा उपद्रव कमी होण्यास मदत होते. कच्चे शेण मात्र टाळावे, त्याने उधई वाढते आणि मुळांना उष्णता लागते. खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच भरावा, कारण पहिल्या पावसात भराव खाली बसतो.

दगड फेकू नका

खड्ड्यांतून निघालेले दगड पैसे देऊन बाहेर टाकले जातात. खरे तर बागेचे निम्मे साहित्य तेच असते. जेथे अखंड पाषाण लागला तेथे ४ फूट रुंद आणि दीड फूट उंच वाफा करून त्याच्या कडा याच दगडांनी रचाव्यात. सिमेंट वापरू नये. कोरड्या रचाईच्या फटींतून पाणी बाहेर जाते आणि त्याच फटींत सदाफुली, ऑफिस टाइम यांसारखी रोपे तग धरतात. उताराच्या अंगणात दगडांच्या आडव्या ओळी रचल्या, तर पावसाबरोबर वाहणारी माती त्यांच्यामागे अडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत नैसर्गिक पायऱ्या तयार होतात.

दगडांतून बाग सजवण्याची कल्पना जगाला नवी नाही. लंडनजवळच्या क्यू उद्यानात १८८२ मध्ये खास खडकांत वाढणाऱ्या डोंगरी वनस्पतींसाठी शैलोद्यान उभारले गेले. चंदीगडचे नेकचंद यांचे प्रसिद्ध ‘रॉक गार्डन’ मात्र टाकाऊ वस्तूंपासून बनवलेल्या शिल्पांचे आहे. नाव सारखे असले तरी दोन्हींची जात वेगळी.

खडकाची स्वतःची बाग

घराजवळचे उदाहरण पाहायचे तर लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचे बेट आहे. अशा टेकड्यांना या भागात ‘बेट’ म्हणण्याची पद्धत आहे. हे बेट दुर्मीळ वनौषधींसाठी प्रसिद्ध असून तेथे कोणी माती वाहून नेलेली नाही. साताऱ्याजवळचे कास पठार तर जगाच्या नकाशावर आहे. पश्चिम घाटातील स्थळांबरोबर २०१२ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. जांभ्याच्या कातळावर काही इंच मातीत तेथे ८५०हून अधिक वनस्पतींच्या जाती नोंदल्या गेल्या आहेत. कासचा पाऊस मराठवाड्याच्या वाट्याला येत नाही, त्यामुळे तेथील रोपे उपटून आणणे व्यर्थ आणि गैरही आहे. मात्र जमिनीला मानवणारी वनस्पती असेल तर मातीचा पातळ थरही पुरतो, हे कास दाखवून देते.

माणसाने प्रयत्नपूर्वक हिरवे केलेले माळही आहेत. नांदेडला १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा विष्णुपुरी येथील परिसर उंचसखल माळावर वसला असून आज तो झाडांनी भरलेला दिसतो. बीडजवळच्या पालवण येथील उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलनही भरले. घरच्या बागेलाही तोच क्रम लागू होतो. आधी कणखर झाडे-झुडपे लावून सावली आणि वाऱ्याला आडोसा तयार करावा, नाजूक फुलझाडे त्यानंतर आणावीत.

पाण्याचा हिशोब

नांदेडला गोदावरी आणि विष्णुपुरी प्रकल्पाचा आधार आहे, लातूरची भिस्त मांजरा धरणावर. मांजरा कोरडे पडल्यावर काय होते हे लातूरकर विसरलेले नाहीत. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याने भरलेली पहिली रेल्वे निघाली आणि १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी दुसऱ्या दिवशी लातूरला पोहोचले. त्याआधी मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. पिण्याच्या पाण्यासाठी रांगा लागतात तेव्हा बागेला पाणी घालणे कोणाच्याही मनाला पटत नाही. म्हणून टंचाईच्या वर्षीही जगेल अशीच बाग या भागात आखली पाहिजे.

यासाठी हिरवळीचा मोह आवरावा लागतो. ५०० चौरस फूट हिरवळीला उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी धरले, तरी दिवसाला सुमारे २३० लिटर आणि महिन्याला सुमारे ७,००० लिटर पाणी लागते. त्याऐवजी २५ फुलझुडपांना एक दिवसाआड प्रत्येकी ५ लिटर पाणी ठिबकने दिले, तर महिन्याला सुमारे १,९०० लिटर पुरते. झुडपे एक-दोन वर्षांची होऊन मुळे भेगांत उतरली की हे प्रमाण आणखी घटते. हिरवळीच्या जागी बारीक खडी किंवा दगडी फरशा बसवून मध्ये फुलांचे वाफे ठेवल्यास अंगण देखणेही दिसते.

पाणी संध्याकाळी किंवा पहाटे द्यावे. खोडाभोवती आळे करून त्यावर पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा भुसा यांचे तीन-चार बोटे जाडीचे आच्छादन द्यावे, मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये. रोज थोडे पाणी घालण्यापेक्षा एक दिवसाआड भरपूर देणे चांगले, कारण त्यामुळे मुळे ओलाव्याच्या शोधात खाली जातात. भांडी-कपडे धुतलेले साबणाचे पाणी थेट गुलाबाला वा मोगऱ्याला देऊ नये. ते आधी कर्दळीच्या वाफ्यात सोडावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणीही सतत एकाच झाडाला घालू नये.

गच्चीवरचा पाऊसही मोलाचा आहे. १,००० चौरस फूट गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९३० लिटर पाणी जमा होते. गळती वगळता ७०० लिटर तरी हाती लागते. हे पाणी गाळून टाकीत साठवावे, उरलेले कूपनलिकेजवळच्या शोषखड्ड्यात सोडावे.

कोणती फुले लावावीत?

कुंपणाच्या कडेला आणि सर्वात खडकाळ जागी बोगनवेल, टेकोमा, शंकासूर, तगर आणि माळावर आपोआप उगवणारा तरवड लावावा. पिवळ्या फुलांचा तरवड बागेत क्वचितच कोणी लावतो, पण या मातीचा तो खरा रहिवासी. बोगनवेलीला पाणी जास्त झाले की पाने वाढतात आणि फुले घटतात, त्यामुळे ताण दिलेलाच बरा. कण्हेर आणि बिट्टीही येथे उत्तम येतात, परंतु त्यांचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले व जनावरे वावरतात तेथे त्या टाळाव्यात.

मोठ्या झाडांत देवचाफा, पारिजातक आणि बहावा यांची निवड करावी. चाफा हिवाळ्यात पाने टाकतो. तो वाळला असे समजून त्याला पाणी घालत राहिल्यास बुंधा कुजतो. २ फुटी खड्ड्यात जास्वंद, मोगरा, जाई-जुई आणि गुलाब लावता येतात. गुलाबाला दिवसाचे किमान ५-६ तास ऊन हवे, मात्र एप्रिल-मेच्या दुपारी हलकी सावली मिळाली तर फुले टिकतात. वाफ्यांत झेंडू, गॅलार्डिया, शेवंती, सदाफुली, अबोली आणि गुलबक्षी घ्यावीत. हलक्या जमिनीत गॅलार्डियाइतके कमी लाड मागणारे फूल दुसरे क्वचितच असेल. निशिगंधाला मात्र खोल, कसदार माती आणि नियमित पाणी हवे, म्हणून मुरमावर त्याची सुरुवातीलाच निवड करू नये.

चुनखडीयुक्त जमिनीत गुलाब, जास्वंद, मोगरा यांची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. जमिनीत लोह असूनही चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. अशा वेळी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारावा. आधी दोन-चार पानांवर फवारून पाने भाजत नाहीत ना, हे पाहावे. शेणखत आणि कंपोस्ट दरवर्षी देत राहणे हा यावरचा टिकाऊ उपाय होय.

वर्षाचे वेळापत्रक

एप्रिल-मे : खड्डे घेणे, दगडांच्या कडा रचणे, खड्डे तापू देणे. असलेल्या झाडांना आच्छादन.

जून : खड्डे भरणे. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर, भराव बसल्यानंतर झुडपे व झाडे लावणे.

जुलै-ऑगस्ट : दसरा-दिवाळीसाठी झेंडूची रोपे लावणे. खड्ड्यांत पाणी तुंबत असल्यास चर मोकळे करणे.

ऑक्टोबर : पाऊस थांबल्यावर गुलाबाची छाटणी, शेणखत, ठिबकच्या नळ्यांची दुरुस्ती.

डिसेंबर-जानेवारी : मोगऱ्याचे पाणी तोडून छाटणी, मग खत व पाणी सुरू करणे. उन्हाळाभर फुले मिळतात.

फेब्रुवारी-मार्च : आच्छादनाचा नवा थर, उधईची पाहणी, उन्हाळ्याच्या पाण्याचा आढावा. टंचाईची चिन्हे असल्यास हंगामी फुले न लावता आहेत ती झुडपे जगवणे.

मुरमावरची बाग पहिल्या वर्षी फारशी देखणी दिसत नाही. दोन झुडपांमध्ये उघडा मुरूम दिसतो आणि शेजारच्या अंगणातली नव्या काळ्या मातीवरची हिरवळ मनाला भुरळ घालते. तिसऱ्या उन्हाळ्यात चित्र पालटते. भेगांत उतरलेली मुळे खोलवरचा ओलावा शोधू लागतात, टँकरची वाट न पाहता बोगनवेल फुलते आणि मेच्या संध्याकाळी मोगऱ्याचा सुगंध अंगणात दरवळतो. तोवर थोडा धीर धरावा लागतो.